किल्लेदाराचा चेहरा

माझ्या ऐतिहासिक लेखांना चित्रं काढणारा गृहस्थ बोर्लीत राहतो. कोणी भेटलं की तो आधी नाकाकडे बघतो, मग रामराम करतो. ज्यांचं जुनं चित्र मिळत नाही, त्यांना तो बाजारातले चेहरे लावतो. टेम्पोवाला सरदार झाला, तेव्हापासून भाडं ठरवताना मिशीवरून हात फिरवतो. कोळीण राणी झाली, मासिक बघून म्हणाली, "नथ बरी हाय, पण मी येवढी जाडी न्हाय."

या वेळी लेख फितूर किल्लेदारावर होता. त्याला त्याने स्वतःचाच चेहरा दिला.

"दुसऱ्याचा लावून गावात राहायचं कसं?" तो म्हणाला.

मला भरून आलं. मग चित्र नीट पाहिलं. नाक माझं होतं.

"सर, त्याला शोधून काढलात तुम्ही. थोडे तुम्हीपण पायजे."