गावदेवीची पैठणी

इस्त्रीला नायलॉन चिकटलं की जो वास सुटतो, त्याने मला आजही आमच्या गावदेवीचा गाभारा आठवतो. नवरात्रात मुंबईचे काका कमरेला मोबाइल लटकवून आले होते आणि देवीसाठी पैठणी घेऊन आले होते. आईने शेजारच्या कट्टा गावच्या बाजारातून ओटीसाठी आणलेली सुती साडी त्यांनी दोन बोटांनी बाजूला सारली. "वयनी, देवीक रेशीमच व्हया. सोवळ्याक सुती चलना नाय," असं म्हणून त्यांनी येवल्याच्या मागांवर आणि आपल्या थोर संस्कृतीवर अख्ख्या देवळाला प्रवचन झोडलं. गुरवाने देवीला पैठणी नेसवली, दुपारची आरती सुरू झाली आणि निरांजनाची ज्योत पदराला लागली. रेशीम जळलं की केस जळल्यासारखा वास येतो. इथे वितळलेल्या प्लास्टिकचा काळा थेंब देवीच्या पायांवर ठिबकला. गुरवाने तांब्यातलं पाणी ओतून पदर विझवला. टाळ थांबले. तेवढ्यात काकांच्या शेजारी उभी असलेली काकू स्वतःची पैठणी आवळून किंचाळली, "अहो, ते निरांजन लांब धरा, माझी खरी आहे!" काका अजून दर नवरात्रात माइकवरून संस्कृती सांगतात. मला देवळाच्या पायरीवरही तोच वास येतो.