बाराव्या गावाचं नाव

आखातातल्या सलमाबादला, एसीच्या सुट्या भागांच्या गोदामात माल उतरवताना मी यादी मोठ्यानं वाचतो. त्याची गरज नसते, टॅबवर टिक करत गेलं की झालं. पण इथं स्टोअरकीपर म्हणून येण्याआधी मी नऊ वर्षं गावाकडं घरच्या रेडिओ केंद्रावर याद्याच वाचल्या होत्या. कांद्याचे भाव, कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या, हरवलेली म्हैस, मयताची खबर. ती सवय तोंडातून गेली नाही. "कंप्रेसर चार, कॉपर पाइप सोळा, फॅन मोटर सहा," असं मी वाचत असलो की सोबतचा नेपाळी पोरगा हसतो.

हिद्दच्या बंदरातून आमचा माल आणणारा ड्रायव्हर त्या महिन्यातच बदलला होता. चाळिशीचा, उंच, अबोल माणूस. आम्ही दोघं हिंदीतच बोलायचो, "भाई, इधर साइन," एवढंच. उन्हाळा होता. बारा वाजता बाहेरचं काम कायद्यानं बंद झालं तेव्हा अर्धा ट्रक उतरायचा राहिला होता. आम्ही दोघं गोदामात कूलरसमोर खोक्यांवर बसलो. मी डबा उघडला. तो लबन, इथलं बाटलीतलं ताक, पीत होता. पिता पिता एकदम मराठीत म्हणाला, "एक इचारू का? तुमी रेडिओवर हुता न्हवं?"

माझा घास हातातच राहिला.

"यादी वाचताना वळखलं मी," तो म्हणाला. "दोन येळा वाटलं, आज खात्री झाली."

एवढ्या लांब कुणीतरी माझा आवाज ओळखला होता. मला झालेला आनंद मी लपवला नाही. गाव कोणतं म्हणून विचारलं. त्यानं नाव सांगितलं. आमच्या गावापासून नदीच्या खालच्या अंगाला चार कोसांवर असलेलं गाव. मग मी सुटलोच. रेडिओची सगळी कुळकथा त्याला सांगितली.

वडिलांचं खता-बियाण्यांचं दुकान. शेतकरी दुकानात येऊन तेच ते विचारायचे, आज हळदीला काय भाव, पाणी कधी सुटणार. वडील म्हणाले, एकदाच सगळ्यांना सांगता आलं तर? परवान्यासाठी ट्रस्ट काढला, त्यात आम्ही घरचीच माणसं. चार वर्षं कागद फिरले. दुकानामागच्या हळदीच्या गोदामात स्टुडिओ केला. आवाज घुमू नये म्हणून आईनं जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवून भिंतींना लावल्या. छपरावर टॉवर उभा राहिला आणि बारा गावांत आमचा आवाज पोचायला लागला. सकाळी मी, दुपारी बायकांच्या कार्यक्रमाला आई, संध्याकाळी वडील आणि बहीण. बांधावर, गोठ्यात, ट्रॅक्टरवर, सगळीकडं आमचाच रेडिओ.

"आणि पुराच्या दिवशी ऐकत होता का?" मी विचारलं. तो आमच्या घराचा सगळ्यात मोठा दिवस. धरणाचे दरवाजे उघडल्याचा फोन आला, वडिलांनी गावांची नावं कागदावर लिहून दिली आणि मी पहाटे पाचपासून दुपारपर्यंत माइक सोडला नाही. दर दहा मिनिटांनी नावं वाचली. नंतर सत्कार झाला. प्रशस्तिपत्रक फ्रेम करून दुकानात लावलं.

त्यानं लबनची बाटली खाली ठेवली.

"ऐकत हुतो तर. आई रेडिओ लावूनच बसली हुती. तुमी गावं वाचत हुता. वरली वाचली, बाजूची वाचली, नदीपल्याडची वाचली. आमचं नाव काय आलं न्हाई. आई म्हणली, आपलं नाव घेतलं न्हाई, म्हंजी आपल्याकडं पाणी यीत न्हाई. भाऊ नदीकाठच्या मळीतल्या गोठ्याकडं गेला, धारा काढायला. थोरला भाऊ. तिसऱ्या दिवशी गावला."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"तुमची काय चूक त्यात," तोच म्हणाला. "सरकारनंच यादी तशी दिली असंल. तुमी दिलेलं वाचलं."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. चार वाजता आम्ही उरलेला माल उतरवला. मी यादी मनात वाचली.

तो गेल्यावर गोदामाच्या मागं जाऊन वडिलांना फोन लावला. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "जेवलास का?"

"आप्पा, पुराच्या दिवशी धरणावरनं किती गावं सांगितली होती?"

पलीकडं दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला.

"बारा," ते म्हणाले.

"आणि तुम्ही किती लिहिली?"

"आता कशाला ते?"

"आप्पा, किती लिहिली?"

"अकरा."

मी भिंतीला टेकलो. पत्रा तापलेला होता, पाठ भाजली तरी हललो नाही.

मग एकेक आठवत गेलं. पुराच्या आदल्या वर्षी त्या गावच्या ग्रामसभेनं आमच्याविरुद्ध लेखी तक्रार केली होती. रेडिओवर आमच्याच भावकीची माणसं बोलतात, त्यांच्या गावाला कुणी विचारत नाही, असं त्यात होतं. त्या तक्रारीमुळं परवान्याचं नूतनीकरण सात महिने लांबलं. वडील जेवताना म्हणाले होते, "त्या गावाचं नाव माझ्या माइकवरनं निघायचं न्हाई." आई हसली होती. आम्हाला वाटलं, राग आहे, निवळेल. पण पाण्याच्या पाळ्यांच्या कागदावर ते नाव यायचं बंद झालं. मीही अकरा वाचायला लागलो.

"मला वाटलं तलाठी सांगंल त्यांना," वडील फोनवर म्हणाले. "लिहिताना हातच गेला न्हाई बघ त्या नावाकडं. पाणी एवढं येईल असं कुणाला वाटलं होतं?"

"तुम्हाला माहीत होतं, तिथला माणूस गेला ते?"

"दुकानात कानावर आलंच की तीन-चार दिवसांनी."

"आईला?"

"तिलाबी."

म्हणजे सत्काराला आम्ही नवे कपडे घालून गेलो, तेव्हा दोघांनाही माहीत होतं. मला नव्हतं, असं मी स्वतःला सांगू पाहिलं. जमलं नाही. पाळ्या वाचताना अकरा नावांची सवय झाली होती, तरी त्या सकाळी आठव्या नावानंतर जीभ अडखळली होती. बारा गावं मला पाढ्यासारखी पाठ होती, ओळीनं, नदीच्या प्रवाहाबरोबर. एक पायरी नसल्यासारखं झालं आणि मी पुढच्या नावावर गेलो. दर दहा मिनिटांनी तिथंच अडखळलो आणि दर वेळी पुढं गेलो. वडील काचेपलीकडं बसले होते. मी एकदाही दार उघडून विचारलं नाही.

पुढच्या रविवारी तो माल घेऊन आला. तीन दिवस मी झोपलो नव्हतो. न सांगण्याची कारणं पुष्कळ सुचली होती. माणूस तर गेलाच आहे, त्याला नव्यानं कशाला दुखवायचं, वडील थकलेत. पण तो ट्रकमधून उतरला आणि माझ्याकडं बघून ओळखीचं हसला. ते हसू मला झेपेना.

"दादा, ऐका. यादी सरकारनं बरोबर दिली होती. तुमच्या गावाचं नाव आम्ही गाळलं." मी सगळं सांगितलं, तक्रार, राग, अकरा गावं. माझी जीभ अडखळली तेही सांगितलं.

तो हातातल्या दोरीची गाठ सोडत होता. सोडून झाली तरी हात तिथंच होता.

"तक्रारीवर माझी सही हुती," तो म्हणाला. "भावानं केली नव्हती. तो म्हणला, रेडिओवाली माणसं चांगली हायत, कशाला वाकडं घ्या."

त्यानं ताडपत्री ओढली. माल उतरवला. कागद पुढं केला, मी सही केली. केबिनमध्ये चढताना म्हणाला, "आईला मी न्हाई सांगणार. तुमच्या बापानं जाऊन सांगावं. रेडिओवरनं न्हाई, घरी जाऊन."

वडिलांना मी तसंच सांगितलं. ते आधी चिडले, मग रडले, मग आठ दिवस बोलले नाहीत. शेवटी बहिणीला घेऊन त्या गावी गेले. तिनं मला नंतर सांगितलं. ड्रायव्हरचं घर नवं, मळीपासून लांब बांधलेलं. त्याच्या म्हाताऱ्या आईनं त्यांना बसायला घोंगडी अंथरली, पाणी दिलं. वडिलांनी हात जोडून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "वाचायला किती येळ लागला असता ओ?" ती आत गेली ती बाहेर आलीच नाही. तासाभरानं ही दोघं उठून आली.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी दुकानातलं प्रशस्तिपत्रक काढलं आणि ट्रस्टचा राजीनामा लिहिला. आता रेडिओ बहीण चालवते. ट्रस्टवर घराबाहेरची पाच माणसं घेतलीत, त्यांतली एक बाई त्या गावची आहे. काही लोक वडिलांना दुकानात येऊन म्हणतात, जुनं उकरायची गरज नव्हती. ते बियाण्याचं माप करत राहतात. माझ्याशी फोनवर बोलणंही त्यांनी कमी केलं आहे. आई मात्र म्हणाली, "तू सांगितलंस ते बरं झालं. माझ्यानं झालं नसतं." आईकडून हे ऐकतानाही मला धक्काच बसला. बायकांना रोज धीराच्या चार गोष्टी सांगणारी माझी आई इतकी वर्षं हे पोटात घेऊन माइकसमोर बसत होती.

ड्रायव्हरनं मार्ग बदलून घेतला. आमच्याकडं आता दुसराच येतो. परवा शुक्रवारी हमद टाउनला कामासाठी गेलो होतो, तेव्हा चौकाजवळच्या भाजीच्या दुकानात तो दिसला. मेथी निवडत होता. मागं फिरावं असं वाटलं, तोवर त्यानं पाहिलं होतं.

"आई कशी आहे?" मी विचारलं.

"बरी हाय," तो म्हणाला. "गुडघं दुखत्यात."

त्यानं पैसे दिले, पिशवी उचलली आणि गाडीकडं गेला. मी काय घ्यायला आलो होतो ते मला बराच वेळ आठवेना.