झाकणावरचं डिझेल

आमच्या गाडीची किल्ली सध्या मेतकुटाच्या डब्यात आहे. घरात मेतकूट मी एकटीच खाते, म्हणून ती जागा. ह्यांना, म्हणजे माझ्या यजमानांना, ते कधीच आवडलं नाही. वऱ्हाडातून नोकरीसाठी पुण्यात आलेला माणूस. मेतकूट-भात हे आजाऱ्याचं जेवण आहे, असं लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात, कसब्यात माझ्या माहेरी पाटावर बसून त्यांनी माझ्या आईला सांगितलं होतं.

रोज सकाळी आंघोळ करून, भांग पाडून हे स्वयंपाकघराच्या दारात येतात आणि विचारतात, "अगं, गाडीची किल्ली कुठं आहे?"

"मेकॅनिककडे."

"कधी देणार आहे?"

"सांगतो म्हणालाय."

"बरं," म्हणून परत जातात. नऊ वाजता पुन्हा येतात, जेवणाआधी पुन्हा, चहाच्या वेळी पुन्हा. तीन महिने हे चाललं होतं. खोटं बोलण्याचं मला विशेष काही वाटत नव्हतं, चाळीस वर्षांच्या संसारात सवय होते. पण तेच खोटं दिवसातून चार वेळा, प्रत्येक वेळी पहिल्यांदाच सांगतेय अशा आवाजात सांगायचं, याचा शीण येतो. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, "विसरणं वाढत जाणार. यांना आता गाडी चालवू देऊ नका." ते ह्यांना सांगायचं कोणी, हे मात्र त्यांनी माझ्यावर सोडलं.

ही गाडी मुळात पेट्रोलची. पांढरी, गोल नाकाची, दुसऱ्या कुणीतरी वापरून विकलेली. आम्ही घेतली तेव्हा हे खडकीच्या कारखान्यात फोरमन होते आणि मी शाळेत शिकवत होते. गाडी आवाज करत नसे, हेच मला तिचं मोठं सुख वाटायचं. पण दिवाळीला आणि मे महिन्यात अकोल्यापलीकडे त्यांच्या गावी जायचं म्हणजे पेट्रोल परवडत नसे. डिझेल तेव्हा फारच स्वस्त होतं. ज्याला त्याला जुन्या गाडीत डिझेलचं इंजिन बसवायची हुक्की आली होती. मी म्हटलं, "गावाला जायला एसटी आहे." हे म्हणाले, "माझी आई एसटीनं पुण्याला येईल का?" सासूबाईंच्या गुडघ्यांपुढे मी काय बोलणार?

खडकी बाजारात पत्र्याच्या शेडमध्ये ह्यांच्याच वयाचा एक मेकॅनिक होता. त्यानं मोडीत निघालेल्या एका टेम्पोचं इंजिन मिळवलं. ह्यांनी पंधरा दिवस रजा टाकली आणि तिथंच मुक्काम ठोकला. गिअरबॉक्स जुना, इंजिन परकं. दोघांची भोकं जुळेनात. मध्ये घालायची लोखंडी प्लेट ह्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आखली, माझ्या शाळेच्या पेटीतला कंपास घेऊन. तीन प्लेटा वाया गेल्या, चौथी बसली. इंजिन जड, म्हणून पुढच्या स्प्रिंगा बदलल्या. मग आरटीओत खेपा घातल्या, गाडीच्या पुस्तकात 'पेट्रोल'च्या जागी 'डिझेल' लिहून मिळेपर्यंत. हाती घेतलेलं काम हे अर्धवट सोडत नाहीत. हा गुण आहे, आणि त्याच्याबरोबर राहायचं असेल तर अवगुणही आहे.

गाडी पहिल्यांदा दारात सुरू झाली तेव्हा तिन्ही मजल्यांवरची माणसं गॅलरीत आली. खालच्या बाईंनी मला विचारलं, "गिरणी घातलीत का?" मी म्हटलं, "हो. दळण घेऊन या."

पुढची तीस वर्षं मी त्या गिरणीत बसून हिंडले. सकाळी किल्ली अर्धी फिरवून, इंजिन तापेपर्यंत वीस आकडे मोजायचे, मग स्टार्टर मारायचा. हे मोठ्यानं मोजत. आरशातला रस्ता थरथरायचा, साड्यांना धुराचा वास यायचा, आणि बोलायचं तर ओरडून. "पेट्रोलचीच बरी होती," असं मी वर्षातून दहा वेळा म्हणत असे. "तुला इंजिनातलं काय कळतं?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. पण सासूबाई मागच्या सीटवर पाय पसरून दर वर्षी गावाहून आल्या, शेवटपर्यंत आल्या, हेही खरं आहे. ते मी तोंडानं कबूल केलं नाही एवढंच.

घोळ एकच होता. बाहेरून ती गाडी पेट्रोलचीच दिसे. पंपावरचा माणूस तिला पाहिली की पेट्रोलच्या पाइपाकडे हात नेई. म्हणून ह्यांनी टाकीच्या झाकणावर लाल रंगानं 'डिझेल' असं लिहिलं. दर दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालायच्या आधी त्या अक्षरांवरून पुन्हा ब्रश फिरवत. तेवढ्यानं भागलं नाही. पंपावर हे स्वतः खाली उतरायचे, पाइपावर हात ठेवायचे आणि "डिझेल ना?" असं विचारून त्या माणसाकडून "डिझेल" हे वदवून घ्यायचे. ऊन असो, पाऊस असो. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत असोत. मला शरमल्यासारखं व्हायचं. "त्याला वाचता येतं," असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाले, "वाचता सगळ्यांना येतं. लक्ष कुणाचं नसतं." तीस वर्षांत एकदाही चूक झाली नाही.

तीन महिन्यांपूर्वी आम्ही मुलाकडे निघालो होतो. तो हिंजवडीला नोकरीला, तिकडेच राहायला. सकाळी मी म्हटलं, "रिक्षानं जाऊ या का?" आदल्या आठवड्यात हे खडकी स्टेशनवरून घरी येताना रस्ता चुकले होते. ह्यांचा चेहराच बदलला. "तुला या गाडीचं कधी चांगलं बघवलंच नाही," म्हणाले. आणि मग औंधपर्यंत बोलत राहिले. माझ्या माहेरच्यांना चालायला दोन गल्ल्या पुरतात, त्यांना गाडीची किंमत काय कळणार, वगैरे. मी खिडकीबाहेर बघत बसले.

पंपावर हे नेहमीसारखे उतरले. पाइपावर हात ठेवला. आणि म्हणाले, "पेट्रोल."

तो मुलगा चांगला होता. झाकण हातात धरून म्हणाला, "काका, यावर डिझेल लिहिलंय."

"गाडी माझी आहे का तुझी?"

"तसं नाही काका, पण लिहिलंय म्हणून..."

"पेट्रोल भर."

काच खाली होती. मी सगळं ऐकलं. दार उघडायला एक क्षण लागला असता. मी उघडलं नाही.

वाकडच्या पुलाच्या अलीकडे इंजिन खडखडायला लागलं आणि मग बंदच पडलं. मागे कंपन्यांच्या बसची रांग, हॉर्नचा नुसता गोंगाट. ह्यांनी बॉनेट उघडलं आणि आत बघत उभे राहिले. तीस वर्षं ज्याचा एकेक बोल्ट त्यांना पाठ होता, त्याच्याकडे दुसऱ्याची गाडी असल्यासारखे बघत होते. मी फोन करून मेकॅनिकला बोलावलं. तोच तो, आता म्हातारा झालेला. तासाभरानं आला, पाइप सोडवून वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मग ह्यांना म्हणाला, "साहेब, डिझेलमध्ये कचरा आलाय. आजकाल सगळीकडे भेसळ." म्हणजे पहिली थाप त्यानं मारली. मी ती फक्त पुढे चालवली.

गाडी त्याच्याकडून आठवड्यात परत आली, ह्यांना दिसू नये म्हणून इमारतीच्या मागच्या बाजूला झाकून ठेवली. ह्यांना डॉक्टरांकडे नेलं तेही त्याच आठवड्यात. मुलानं सांगितलं, भंगारात देऊन टाका. मी म्हटलं, बघू. आणि किल्ली मेतकुटात गेली.

मागच्या सोमवारी हे इस्त्रीचा शर्ट घालून, चपला घालून दारात उभे. म्हणाले, "मी मेकॅनिकच्या शेडवर चाललो. त्याला विचारतो, एका इंजिनाला एवढे दिवस लागतात का? लबाड आहे तो. पहिल्यापासूनच लबाड होता." असं त्यांनी त्या माणसाला कधी म्हटलं नव्हतं. त्यांच्या पुण्यातल्या सगळ्या आयुष्यात मित्र म्हणावा असा तो एकच. ह्यांनी तिथं जाऊन त्याला चोर म्हटलं असतं, त्यानं ते मुकाट ऐकूनही घेतलं असतं, आणि ते माझ्यामुळे झालं असतं.

मी ह्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं. मेतकुटाच्या डब्यातून किल्ली काढली, पदराला पुसली, टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं.

ह्यांनी किल्ली बोटानं स्वतःकडे ओढली. मग एकेक विचारू लागले.

"मी उतरलो नव्हतो?"

"उतरला होतात."

"पाइपावर हात?"

"होता."

"आणि झाकण?"

"त्या मुलानं वाचून दाखवलं."

"तू कुठं होतीस?"

"गाडीत. काच खाली होती."

ह्यांनी मान वर केली. "मग तू काऊन नाही बोलली?"

इतकी वर्षं पुण्यात राहून हे 'का' म्हणायला शिकले होते. 'काऊन' फक्त सासूबाई गेल्या तेव्हा ऐकलं होतं. मी म्हटलं, "तुम्ही पंपावर कधी चुकला नाहीत. मला वाटलं, तुम्हालाच माहीत असेल."

हे त्यांना पटलं. त्यांनी किल्ली माझ्याकडे सरकवली. "तुझ्याजवळच ठेव. मागितली तरी देऊ नको. पण त्याच्यावर ढकलू नको, मला खरं ते सांगत जा." मी हो म्हटलं. किल्ली डब्यात परत ठेवताना हात हलके झाले होते. वाटलं, संपलं एकदाचं.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, भांग पाडून हे दारात आले. "अगं, गाडीची किल्ली कुठं आहे?"

शब्द दिला होता. मी कणकेचे हात धुतले आणि पहिल्यापासून सांगितलं. उतरलो नव्हतो? पाइपावर हात? आणि झाकण? बरोबर त्याच जागी येऊन त्यांनी तसंच माझ्याकडे पाहिलं. तू काऊन नाही बोलली? असं चार दिवस झालं; एकदा खरं ऐकलं की दिवसभर पुन्हा विचारत नसत, सकाळी मात्र सगळं पुसलेलं. चारही दिवस मी तेच गुळगुळीत उत्तर दिलं, चारही दिवस ते त्यांना पटलं.

काल मला ते उत्तर देववेना. उद्या हे विसरतील, याचा धीर होता म्हणा. मी म्हटलं, "ऐकलं होतं मी. चुकताय हे कळलं होतं. सकाळपासून मला बोलत होतात, तीस वर्षं बोलत होतात. म्हटलं, एकदा चुकू देत. एकदा तरी मला दिसू दे."

ह्यांनी चहाचा कप उचलला, परत ठेवला. मग माझ्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाले, "मी तुला फार बोललो. पेट्रोलची होती तेव्हा बरी होती ती, शांत. तू सांगत होतीस." आणि चहा प्यायले.

हे वाक्य ऐकायला मी तीस वर्षं थांबले होते. काल दिवसभर मला घरात कसं मोकळं वाटत होतं, दुपारी झोपही लागली.

आज सकाळी आंघोळ करून, भांग पाडून हे दारात आले.