दत्तूच्या चड्डीतली गादी

माणसं बसली की गप्पा निघतात. आमच्या ओतूरच्या सायकलवाल्यांचं उलटं. बसता येईना, म्हणून चार दिवस उभ्याउभ्या गप्पा! दोन हजार सालाच्या पुढेमागे आम्ही दरवर्षी ओतूर ते आहुपे सायकल मारायचो. मी शिंपी. सायकलवाल्यांची, बुडाखाली फोमची गादी शिवलेली चड्डी कुणाला कुठली बसेल, हे माझ्याइतकं तालुक्यात कुणाला कळत नाही.

*

तसली पहिली चड्डी गुरुजींनी आणली, पुण्याहून. शाळेतले पीटीचे मास्तर, रुबाब भारी. घालून भर बाजारातून निघाले. भाजीवाली म्हातारी मागून बघून कळवळली, "गुर्जी, लई सूज आलीया वो!"

"सूज न्हाई आजी, फोम हाय!"

"काय का आसंना, शेक घ्या!"

*

मग दत्तूनं घेतली. मेंढरं राखणाऱ्या घरातला गडी, पायात ताकद. पण घरात कपडे वाढत्या मापाचे घ्यायची सवय! दोन नंबर मोठी घेतली. गादी सरकत सरकत जुन्नरपर्यंत पोटावर आली. गडी एस्टीनं माघारी.

पुढच्या साली माप बरोबर. "आत काही घालायचं नाय," मी बजावलं होतं. तरी यानं आत नेहमीची चड्डी घातलीच. शिवणी घासून घोडेगावला सालटं निघालं. परत एस्टी, आणि कंडक्टर तोच! "पावणं, यंदा जरा लांब आलात!"

गुरुजींनी चारचौघांत सुनावलं, "पुन्हा अर्ध्यातनं आलास तर सायकल विकून टाक राव. मेंढरांमागं चालतच बरा." मला दत्तूचं फार वाईट वाटलं.

*

तिसऱ्या साली मीच हातात घेतलं. दुकानात सायकल स्टँडवर लावली. उभं राहून चड्डी बघायचीच नाही, सायकलवर वाकून बघायची! सहा झाल्या. सातवी अंगासरशी, गादी बरोबर हाडाखाली. "हीच!"

निघायच्या सकाळी दत्तू रडकुंडीला येऊन दारात. आईनं चड्डी धुतली होती. आतला फोम वाळेना, म्हणून उसवून फेकला आणि तिथं घोंगडीचा तुकडा शिवला! म्हणाली, "फोम काय टिकतोय? ही जलमभर जायची न्हाई."

दुसरी आणायला वेळ नव्हता. ओतूर सोडलं तशी घोंगडी टोचायला लागली. बसला की उठायचा. शेवटी बसणंच सोडलं. पायडलवर उभा राहून आहुप्याचा घाट चढला, आम्हा सगळ्यांना मागं टाकून! आम्ही पोचलो तर गडी देवराईच्या सावलीत. तिथंही उभाच.

गुरुजींनी धापा टाकत विचारलं, "चड्डी कुठली रं?"

"घोंगडीची," दत्तू एवढंच म्हणाला.

*

पुढच्या रविवारी मी दत्तूच्या अंगणात चहा घेत होतो. गुरुजी आले. पिशवीतून पुण्याची चड्डी काढून त्याच्या आईपुढं धरली. "आक्का, यातला फोम काढा आणि घोंगडी बसवा."

मी दत्तूकडं बघितलं. तो मेंढरांना पाला टाकत होता. मान वर न करता म्हणाला, "आये, गुर्जींना डबल बसव!"