थोपटणारे हात

शर्टांच्या कारखान्यात तिला सगळे घडीमावशी म्हणत. इस्त्री होऊन आलेला शर्ट तिच्यापुढे पडला की बघता बघता असा सुबक खोक्यात बसायचा, की बायका म्हणायच्या, "मावशी, देवाने हात देताना तुम्हाला झुकतं माप दिलंय." नवरा अंथरुणाला खिळलेला, लेक शिकत होती. घर उभं होतं ते या दोन हातांवरच.

एक दिवस मॅनेजरने तिच्या कपाळावर पट्ट्याने लहानसा कॅमेरा बांधला. "काही नाही मावशी, तुमचं काम रेकॉर्ड करायचंय."

ती हुरळून गेली. घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "अहो, माझ्या हातांचं शूटिंग चाललंय!" तोही खूप दिवसांनी हसला. पट्ट्याखाली घामाने चुरचुरायचं, तरी कित्येक महिने ती तो कॅमेरा मिरवत राहिली.

मग मशीन आलं. दोन लोखंडी हात, बाकी काही नाही. उद्घाटनाला आलेले पाहुणे भाषणात म्हणाले, तंत्रज्ञानामुळे जगातली गरिबी हटत चाललीय, आता गरिबाच्याही अंगावर नवा शर्ट येईल. टाळ्या पडल्या. मावशीनेही वाजवल्या.

मशीन सुरू झालं. घडी पडली, आणि लोखंडी बोटांनी कॉलरवर हलकेच थोपटलं. मावशीच्या अंगावर सर्रकन काटा आला. लेकीला मांडीवर निजवताना लागलेली ही सवय. आपण शर्टालाही थोपटतो, हे तिचं तिलाच आजवर ठाऊक नव्हतं.

"बघा, तुमच्याच रेकॉर्डिंगवरून शिकलंय, हुबेहूब तुम्ही!" मॅनेजर म्हणाला.

"मग मी कशाला?"

महिनाअखेरीला घडीच्या टेबलावरच्या सगळ्याजणींना घरी बसवलं. त्यातली एक फाटकापाशी तिला म्हणाली, "तुमच्या हातांचं कौतुक आमच्या पोटावर आलं हो."

आता ती एका इमारतीचे जिने पुसते. गुडघे सुजतात. एका संध्याकाळी ते शेकून देताना लेक म्हणाली, "आई, आमच्या पुस्तकात लिहिलंय, जगात गरिबी कमी होतेय."

"होत असेल गं, कुणाची तरी."

दुसऱ्या दिवशी लेक कॉलेजला गेलीच नाही. आईच्या मागोमाग आली आणि तिने बादली उचलली. मावशी ओरडली, बादली हिसकावून घेतली, नाही नाही ते बोलली. पण वरचे मजले तसेच पडले होते आणि गुडघे काही केल्या वाकेनात. शेवटी पायरीवर बसून तिनेच लेकीला फडका कसा पिळायचा ते दाखवलं.