आईपेशी बदलते म्हणून

माझं काम यीस्टच्या मायलेकींना एकमेकींपासून तोडण्याचं. सूक्ष्मदर्शकाखाली काचेची बारीक सुई धरायची आणि आईपेशीला फुटलेला कोंब वाढला की ओढून बाजूला न्यायचा. यीस्टमध्ये नर-मादी नसतात. ‘ए’ आणि ‘अल्फा’ असे दोन प्रकार असतात, आणि जोडी जमते ती विरुद्ध प्रकाराशीच. एकदा लेकीला जन्म दिलेल्या आईपेशीला मात्र आपला प्रकार बदलता येतो. ती स्वतःचाच डीएनए कापते आणि आत गप्प पडून असलेली दुसऱ्या प्रकाराची प्रत त्या जखमेत उतरवून घेते. कोवळ्या लेकीला हे जमत नाही. आईकडून तिच्यात आलेलं एक प्रथिन डीएनए कापणाऱ्या कात्रीचं जनुक बंद ठेवतं. हे कापाकापीचं काम मला फार आवडायचं.

त्या नादात मी अक्कल गहाण टाकली. जीव जडला होता तो बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या घरातल्या मुलावर, आणि आम्ही उमरेडचे हातमागवाले. आई बदलते हे मी रोज डोळ्यांनी पाहत होते ना! म्हणून फोनवर तिला सगळं सांगितलं आणि लग्नाचं बोलायला एकटीलाच प्रयोगशाळेत बोलावलं. ती एसटीने आली ती माझ्या भावाला घेऊन.

“काहून वं, जातीतले पोरं मेले का?” म्हणत त्याने माझ्या झिंज्या धरल्या. टेबलावरच्या पेट्री डिश खाली पडून फुटल्या. त्याने माझं डोकं भिंतीवर आपटलं, मग थोबाडीत मारत सुटला. ओठ फाटला. मी आईकडे पाहिलं.

“तोंडावर नोको मारू गा,” ती त्याला म्हणाली. “रविवारी पाहुणे येऊन राहिले तिले पाहाले.”

मार मी सोसला असता. त्या वाक्याने माझ्या अंगाची लाही लाही झाली. हाताला लागलं ते लोखंडी स्टूल उचललं आणि भावाच्या तोंडावर हाणलं. भुवई फुटून तो खाली बसला. आई किंचाळत धावली आणि पदराचा बोळा करून त्याच्या जखमेवर दाबत राहिली. माझ्या ओठातून रक्त गळत होतं. तिने मान वर करून पाहिलं नाही. मी तशीच बाहेर पडले.

लग्न आम्ही केलं. ओठावर कसली खूण, असं सासूबाईंनी मायेनं विचारलं. पडले होते, म्हणाले. भावाने मारलं हे सांगता आलं असतं. आई काय म्हणाली, ते सांगायची लाज वाटली.