चेंडूपाशी उभी

किल्बॅरन हाउसच्या बुरुजातल्या खोलीची खिडकी लावताना एल्स्पेथला समुद्र दिसेनासा झाला. आत्ता आत्तापर्यंत लख्ख ऊन होतं आणि आता पाण्यावरून धुक्याची एक भिंत सरळ गोल्फच्या मैदानावर चढून येत होती. आधी दूरचं दीपगृह गेलं, मग वाळूच्या टेकड्या, मग पिवळ्या काटेरी झुडपांची रांग. तिने पडदा ओढला आणि नेहमीचा वाईट विचार मनात आला.

नेहमीचा, कारण एल्स्पेथ घाबरट म्हणून साऱ्या हॉटेलात प्रसिद्ध होती. लग्न होऊन या किनाऱ्यावर आल्यापासून ती इथल्या खोल्या आवरत होती. जमीनदाराचं घराणं विझलं, त्यांच्या दगडी घराचं हॉटेल झालं, मालक बदलत गेले, एल्स्पेथ राहिली. पाहुण्याच्या उशाशी औषधाची बाटली दिसली की ती रात्री घरी जाण्याआधी त्याच्या दाराला कान लावून श्वास ऐकून जायची. दारावरचा म्हातारा टॅम म्हणायचा, "ढग दिसला की लोक छत्री काढतात, आमची एल्स्पेथ होडी काढते!" सगळे हसत, तीही हसे. नवरा डंकन छातीच्या दुखण्याने गेला, तेव्हापासून मात्र ते हसू ओठांपुरतं उरलं होतं.

त्यांची एकुलती मुलगी कर्स्टी या उन्हाळ्यात बापाचंच कॅडीचं काम करू लागली होती. पाहुण्यांची काठ्यांची पिशवी खांद्यावर घ्यायची, वारा कुठला ते सांगायचं, आणि समोर चढ असला तर आधी पुढे जाऊन चेंडू कुठे पडतो त्यावर नजर ठेवायची. आज ती मिस्टर कॅरदर्सबरोबर गेली होती. एडिनबरोचे हे वकील दर उन्हाळ्यात इथे मुक्कामाला असत.

एल्स्पेथ टॉवेलांचा गठ्ठा घेऊन खाली उतरली, तर कॅरदर्स दिवाणखान्यात शेकोटीपुढे पाय पसरून बसलेले. बुटांखाली गालिच्यावर ओली वाळू. त्यांची पिशवी दाराशी पडली होती.

"साहेब, लवकर आलात?"

"धुकं, एल्स्पेथ! हातातली काठी दिसेना. जरा गरम चहा मिळाला तर बघा."

"आणि कर्स्टी?"

"ती पुढे गेली होती, चेंडू बघायला. मी मारला आणि तेवढ्यात सगळं पांढरंफटक झालं. हाका मारल्या, उत्तर आलं नाही. म्हटलं, पोर इथलीच आहे, गेली असेल आपल्या वाटेने. पिशवी मीच उचलून आणली." शेवटचं वाक्य त्यांनी थोडं कौतुकाच्या अपेक्षेने म्हटलं.

एल्स्पेथने टॉवेल खुर्चीवर ठेवले आणि दारावरच्या टॅमला हाक मारली.

टॅमने लगेच कॅडींच्या खोलीत फोन लावला. मुकादम वॅटी फोनवर एवढ्या जोरात बोलायचा की सगळ्यांना ऐकू आलं. "इथे नाही आली! मागच्या आठवड्यात पाहुण्याचा चेंडू हरवून आली म्हणून चांगली खरडपट्टी काढली होती. रुसून घरी गेली असेल."

टॅमने फोन ठेवला. "ऐकलंस ना? घरी असेल. उगाच होडी काढू नकोस."

एल्स्पेथने घरी फोन केला. तो वाजत राहिला.

आणि तिला कळलं. कर्स्टी घरी गेली नव्हती, कुठेच गेली नव्हती. लहानपणापासून बाप तिला मागच्या अंगणात उभी करून शिकवायचा: चेंडू सापडला की त्याच्यापाशी उभं राहायचं. उचलायचा नाही, हलायचं नाही. खेळाडू येईल किंवा सोडला म्हणेल, तोवर तो चेंडू तुझा. मुलगी तासन्‌तास उभी राही आणि एल्स्पेथ स्वयंपाकघरातून कौतुकाने बघत राही.

"साहेब, चेंडू कुठे गेला होता?"

"डावीकडे. बुटक्या भिंतीपलीकडे, पुळणीवर. इथे पुळणसुद्धा खेळातच धरतात ना?"

"धरतात," टॅम म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. भरती लागून बराच वेळ झाला होता, हे त्या खोलीत कॅरदर्स सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

या घरात एल्स्पेथने पाहुण्यांपुढे कधी आवाज चढवला नव्हता. आता ती म्हणाली, "उठा."

"मी?"

"कुठून मारलात ते तुम्हालाच ठाऊक. उठा साहेब, लवकर!"

टॅम होडीवाल्यांना फोन लावू लागला. ही दोघं बाहेर पडली.

बाहेर हात लांब केला तर बोटं दिसत नव्हती. एल्स्पेथने कॅरदर्सची बाही घट्ट धरली होती, ते तिला नेत होते की ती त्यांना, कळत नव्हतं. गवत संपलं, भिंतीचे गार दगड हाताला लागले. "इथून," ते धापा टाकत म्हणाले, "इथूनच." भिंतीपलीकडे कोरडी वाळू असायला हवी होती. तिथे पाण्याची चुळुक चुळुक ऐकू येत होती.

"कर्स्टी!"

धुक्याने हाक गिळून टाकली. ती पुन्हा ओरडली. दूर दीपगृहाचा भोंगा हंबरला. डंकनला मुलीत आपली सावली दिसायची. देवा, आज नको रे ती सावली.

"आई?" आवाज भलत्याच बाजूने, पार उजवीकडून आला. "तू कशाला आलीस?"

"कुठे आहेस?"

"खडकावर. चेंडू खाली वाळूत होता. पाणी आलं म्हणून वर चढले, इथून दिसत होता. आता सगळीकडून पाणी आहे गं. खोल किती कळत नाही."

आवाज शांत ठेवायची तिची धडपड एल्स्पेथला स्पष्ट ऐकू आली. एल्स्पेथला पोहता येत नव्हतं. ती भिंतीवर चढली. कॅरदर्सनी कोट काढून फेकला आणि तिचा हात धरला. दोघं पाण्यात उतरली. गुडघे, मांड्या, कंबर. गारठ्याने श्वास अडकला. पाऊल टाकलं की खालची वाळू सरकत होती.

"बोलत राहा!" एल्स्पेथ ओरडली. "काहीही बोल!"

"काय बोलू? वॅटीकाका मला ठेवणार नाहीत कामावर!"

"मसणात गेला तो वॅटी!"

धुक्यात आधी खडकाचा काळा आकार उमटला, मग त्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली कर्स्टी. ती घसरत उतरली, पाणी तिच्या छातीपर्यंत आलं. एक लाट आली आणि तिघंही हेलपाटली. कॅरदर्सनी काय धरलं देव जाणे, पण हात सोडला नाही.

भिंतीवर आल्यावर कर्स्टीचे ओठ निळे पडले होते. दात वाजत असतानाच ती कॅरदर्सकडे वळली. "साहेब, माफ करा. तुमचा चेंडू वाहून गेला. मी बघत होते, पण..."

कॅरदर्सनी तोंड फिरवलं. त्यांनी तो चेंडू शेकोटीपाशी बसण्याच्या कितीतरी आधी सोडून दिला होता.

दुसऱ्या दिवशी वॅटी स्वतः घरी आला. पोरीला थोपटून म्हणाला, "शाबास! अगदी डंकनची लेक. आता सगळ्यांना तुझंच उदाहरण देणार." कर्स्टीचा फिकट चेहरा उजळला. तो आनंद पाहून एल्स्पेथला कालच्या पाण्यापेक्षा जास्त भीती वाटली.

वॅटी गेल्यावर ती मुलीच्या शेजारी जाऊन बसली. "पुन्हा असं झालं तर चेंडू सोडून निघून यायचं. कबूल कर."

"बाबा आले असते सोडून?"

डंकन आला नसता. असाच एकदा चेंडूपाशी पावसात उभा राहून तो ते छातीचं दुखणं घेऊन आला होता, आणि हे फक्त एल्स्पेथला माहीत होतं.

"एकदा आले होते," एल्स्पेथ म्हणाली. "तू जन्मायच्या आधी. पाणी चढताना दिसलं आणि सरळ निघून आले. कुणाला बोलले नाहीत."

कर्स्टी तिच्याकडे बघत राहिली. डोळ्यांत काहीतरी मोडल्यासारखं झालं. "बाबा? चेंडू सोडून?"

"हो."

मग कर्स्टी खाली बघत म्हणाली, "बरं. मीपण येईन."

एल्स्पेथ सूपचं भांडं गरम करायला उठली. नवऱ्याची मनातल्या मनात माफी मागायचं तिच्या मनात आलं होतं, पण तिने मागितली नाही.